सांगणीचा दगड

ही गोष्ट फार मागची आहे. किती मागची ते विचारू नका, मला ती सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. उंच डोंगरांच्या मधोमध एक गाव होतं आणि गावाच्या उशाला एक तळं होतं. तळं मोठं, खोल आणि असं थंड की भर उन्हाळ्यात पाय बुडवला तरी पोटऱ्यांत कळ यायची.

त्या तळ्यात एक मासा राहायचा. रंगाने तपकिरी, अंगावर काळे-तांबडे ठिपके. खालच्या मुलखातले शिकलेले लोक त्याला ट्राउट म्हणत, गावातले लोक सरळ ठिपक्या म्हणत. चवीला असा, की पाहुणा एकदा जेवून गेला तर पुढच्या वर्षी न बोलावता यायचा. पण पकडायला महाबेरकी. तळ्याचा तळ सगळा खडकाळ, त्यामुळे जाळं टाकलं की फाटूनच वर यायचं. ठिपक्याला गळच लागायचा, आणि गळ टाकून बसायला ढुंगणाला दगडाची सवय असावी लागायची.

होळी झाली की गावातले गळ आढ्यावरून खाली उतरायचे आणि मृगाच्या आदल्या दिवशी परत आढ्याला लागायचे. पावसात तळं गढूळ होई आणि थंडीत ठिपक्या अंडी घालायला ओढ्याने वर जाई, तेव्हा त्याला कोणी हात लावत नसे. मधल्या तीन महिन्यांत जे मिळेल ते खायचं, उरेल ते वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायचं. डोंगरात शेती ती कितीशी असणार, गावाचं पोट तळ्यावरच भरायचं.

आता या गावाची एक रीत होती, ती नीट ऐका. तळ्याकडून गावात शिरताना वाटेवर एक चपटा दगड होता. त्याला म्हणायचे सांगणीचा दगड. ज्याला मासा मिळाला त्याने घरी जायच्या आधी टोपली त्या दगडावर ठेवायची आणि जे कोणी तिथे असेल त्यांना तीन गोष्टी सांगायच्या. मासा कुठे लागला, केव्हा लागला आणि कशाला, म्हणजे कुठल्या आमिषाला लागला. एवढं सांगून झालं की टोपली उचलायची आणि घरी जायचं. खरं सांगितलं की खोटं, हे बघायला कोणी मागे येत नसे. खोटं सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ही रीत कोणी घातली आणि का घातली, ते कोणी विचारत नसे. दगडाशेजारी रोज संध्याकाळी गोदाक्का बसायच्या. गावातल्या सगळ्यांत वयस्कर. दात पडले होते, पण कान शाबूत. सगळ्यांच्या सांगण्या त्या मान हलवत ऐकायच्या आणि कधीमधी एखादा प्रश्न विचारायच्या, बस्स.

गावात गळ धरणारे पुष्कळ होते, पण हैबतीची सर कोणाला नव्हती. हैबती पन्नाशीला आलेला, अंगाने वाळका, बोलायला तुसडा. घरात माणसांशी चार शब्द बोलायचा नाही, पण पाण्याशी दिवसभर बोलेल असा. गळ टाकायच्या आधी तो दोन दिवस नुसता काठावर बसायचा. वारा कुठून येतो, कुठल्या काठाला लागतो, कुठला किडा पाण्यावर पडतो, हे बघत बसायचा. बायको सगुणा म्हणायची, "अहो, माशाला बघायला गेलाय की सोयरीक जुळवायला?" हैबती उत्तर द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी मात्र टोपली भरून आणायचा.

त्याच्याजवळ शिकलेला एकच माणूस होता, शेजारचा केरबा. केरबा वयाने पंधरा वर्षांनी लहान, बायकोमुलांचा धनी, पण गळाच्या बाबतीत सुरुवातीला अगदी ठोंब्या. हैबतीनेच त्याला ओढून नेऊन शिकवलं होतं.

"पाऊल हलकं टाक," हैबती म्हणायचा. "तू दणदण चालत आलास की वीस हातांवरचा मासा समजतो, कोणीतरी आलंय. आणि सूर्य पाठीशी घेऊन उभा राहू नकोस. तुझी सावली पाण्यावर पडली की संपला दिवस."

"आणि आमिष कुठलं लावू?"

"मला काय विचारतोस, तळ्याला विचार. काठाचा दगड उलटा कर. त्याच्याखाली जो किडा असेल तोच सध्या ठिपक्याच्या पोटात आहे. घरून गांडूळ आणून त्याला भुलवायला जाशील तर तो हसेल तुला. वारा ज्या काठाला लागतो तिथे बस, पाण्यावर पडलेले किडे वाऱ्याने तिकडेच जमतात. उथळ पाणी संपून एकदम खोल होतं ना, त्या धारेवर गळ सोड. आणि लागला की हिसका मारू नकोस. त्याला पळू दे. दमला की आपण होऊन येतो. पिल्लू लागलं तर हात आधी ओला कर, मग सोडव. कोरड्या हाताने त्याची कातडी सोलते."

केरबा हे सगळं मन लावून ऐकायचा. शिकवायला हैबतीला आवडायचं, हेही खरं. तोंडाने मात्र तो कधी म्हणाला नाही.

आता भानगड कुठे झाली ते सांगतो. मृगाच्या आदल्या दिवशी, गळ आढ्याला लावायच्या आधी, गाव दगडापाशी जमायचं आणि ज्याने सगळ्यांत जास्त मासे आणले त्याला गोदाक्का फेटा बांधायच्या. लाल रंगाचा, साधा सुती फेटा. हैबतीने तो पाच वर्षं ओळीने बांधून घेतला होता. सहाव्या वर्षी तो केरबाला मिळाला. कुठे बसून मिळाला, तर हैबतीच्या नेहमीच्या बसायच्या सपाट खडकावर. कुठल्या आमिषाने, तर हैबतीनेच दगडावर सांगितलेल्या अळीने. आणि फेटा बांधून झाल्यावर केरबा भोळेपणाने सगळ्यांसमोर म्हणाला, "माझं काय आहे यात. हैबतीदादांनी सांगितलं तिथे बसलो, एवढंच."

लोक कौतुकाने हसले. हैबतीही हसला, पण ते वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं.

वर्षभर तो काटा सलत राहिला. दोन-दोन दिवस उन्हात बसून पाणी वाचायचं मी, त्याला वाटायचं, आणि संध्याकाळी तीन वाक्यांत ते सगळ्यांना वाटून टाकायचंही मीच. दुसऱ्या दिवशी जावं तर माझ्याच खडकावर पाच जण बूड टेकून बसलेले, आणि मला म्हणतात, दादा, जरा तिकडे सरा. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या-माझ्या मनात आलं असतं तेच त्याच्या मनात आलं.

पुढच्या वर्षी होळी झाली, गळ उतरले. चैत्रात डोंगरावर वळवाचा एक जोरदार पाऊस झाला, दोन दिवस वरच्या बाजूने गडगडाट ऐकू आला आणि मग आभाळ जे कोरडं पडलं ते पडलंच. ऊन असं तापलं की म्हाताऱ्यांनाही तसं आठवेना. मासे मिळेनासे झाले. हैबती चार दिवस काठाकाठाने फिरला, आणि पाचव्या दिवशी त्याला पाण्यात माशांचे ठिपके दिसले. दक्षिणेच्या बाजूला काळा कडा सरळ पाण्यात उतरतो, तिथे त्याच्या बुडाशी. त्या जागी कोणी गळ टाकताना हैबतीने आजवर बघितलं नव्हतं, कारण तिथे कधी मासाच नसायचा. पण त्या दिवशी होता. एका सकाळीत हैबतीने सात काढले.

संध्याकाळी टोपली दगडावर ठेवली. आठ-दहा जण होते. केरबा तर पुढेच होता.

"कुठे लागले, दादा?" केरबाने विचारलं.

हैबतीने पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पूर्वेला. लव्हाळ्यात. सकाळी. टोळावर."

झालं. एका श्वासात झालं. हैबतीला वाटलं होतं जीभ अडखळेल, दगड हलेल, गोदाक्का मान वर करतील. तसं काही झालं नाही. गोदाक्कांनी फक्त एवढंच विचारलं, "लव्हाळ्यात? या उन्हात?"

"हो."

"बरं," गोदाक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पूर्वेच्या लव्हाळ्यात गुडघाभर चिखलात उभं होतं, आणि हैबती कड्याखाली एकटा होता. कोणी तिकडे सरा म्हणणारं नव्हतं. त्याने नऊ मासे काढले. परत येताना तो गुणगुणत आला, सगुणेने ते ऐकलं आणि तिला नवल वाटलं.

असं दिवसामागून दिवस चाललं. रोज कड्याखालून टोपली भरायची आणि रोज दगडावर पूर्वेचं लव्हाळं सांगायचं. पाच-सहा दिवसांनी सगुणा मासे चिरता चिरता म्हणाली, "एक विचारू? लव्हाळ्यातून येणाऱ्या सगळ्यांच्या पायांना पोटरीपर्यंत काळा चिखल असतो. तुमचे पाय रोज धुतल्यासारखे कसे?"

"धुऊन येतो," हैबती म्हणाला.

सगुणा परत मासे चिरू लागली. पण जे तिला दिसलं ते केरबालाही दिसलं होतं. त्याने तोंडावर काही विचारलं नाही. ज्याच्याकडून सगळं शिकलो त्याला खोटारडा कसा म्हणायचं? त्याने दुसरंच केलं. पुढच्या वेळी त्याला खोल धारेवर दोन मासे मिळाले, तर त्याने दगडावर सांगितलं, "घाटाच्या पायऱ्यांपाशी." ते चिमाबाईने ऐकलं. चिमाबाई एकट्याने गळ धरणारी, कोणाचं न ऐकणारी बाई. ती पायऱ्यांपाशी दिवसभर बसली, रिकाम्या हाताने परतली आणि काय समजायचं ते समजली. तिनेही मग दगडावर मनाला येईल ते सांगायला सुरुवात केली. महिन्याभरात अशी पाळी आली की रोज संध्याकाळी लोक दगडाशी जमत, टोपल्या ठेवत, कुठे, केव्हा, कशाला हे तिन्ही सांगत, आणि कोणीच कोणाचं ऐकत नसे. गोदाक्का तेवढ्या मान हलवत बसायच्या. बऱ्याच घरांत भाकरीबरोबर नुसतं मीठ येऊ लागलं होतं.

हैबतीच्या घरी मात्र वाळणाऱ्या माशांच्या माळा दारापर्यंत आल्या होत्या. फेटा त्याचाच, यात शंका नव्हती. मृगाला तीन दिवस उरले होते तेव्हा सगुणेने एक मासा त्याच्यापुढे धरला.

"बघा हा. डोकं केवढं आणि अंग केवढं. पंधरा दिवस झाले, सगळे असेच येताहेत. आजारी माणसासारखे."

हैबतीने बघितलं. त्याला ते आधीच दिसलं होतं. न बघितल्यासारखं करायचं त्याने ठरवलं होतं, म्हणून त्याने मासा बाजूला ठेवला आणि जेवायला वाढ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्याखाली त्याच्या हातून गळावरची अळी पडली, आणि दुसरी लावायच्या आधीच गळ पाण्यात गेला. रिकामा गळ. त्यालाही मासा लागला.

हैबतीने तो वर घेतला आणि तसाच हातात धरून बसला. ठिपक्यासारखा संशयी मासा जगात नाही. चांगली गुबगुबीत अळी दिली तरी चार वेळा फिरून बघणारा, सावली दिसली तर दोन दिवस उपाशी राहणारा. तो उघड्या लोखंडावर तोंड टाकतो म्हणजे त्याच्यावर काय वेळ आली असेल? हैबती ओणवा होऊन कड्याच्या बुडाकडे बघू लागला. तिथे पाच-दहा मासे नव्हते, माशांचा ढीग होता. एकाला एक चिकटून, तोंडं वर करून, मासे धापा टाकत होते. तळ्यातले सगळे मासे त्या एका खोलीएवढ्या जागेत येऊन दाटले होते. तो उठला, पन्नास पावलं पुढे गेला आणि पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं. त्या तळ्याचं पाणी त्याने जन्मात कधी कोमट बघितलं नव्हतं.

दीड महिना त्याला वाटत होतं की आपण हुशार म्हणून आपल्याला मासे मिळताहेत. आता त्याला कळलं की मासे जीव वाचवायला एका कोपऱ्यात शिरले होते आणि आपण तो कोपरा रिकामा करत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली. हातातला मासा त्याने पाण्यात सोडला. हात ओला करायचं त्या घाईत तो विसरला, आणि ते त्याच्या दुसऱ्या क्षणी लक्षात आलं.

आता सांगायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? दीड महिना गावाला चिखलात उभं केलं हे सांगायचं. फेटा गेला, तोंड दाखवायला जागा राहिली नाही. न सांगावं तर? तळ्याला झालंय काय हे त्याला एकट्याला उमगत नव्हतं आणि एकट्याने काही करता येणार नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी तो दगडापाशी गेला, टोपली रिकामीच होती, आणि काही न बोलता घरी गेला. त्याच्याच्याने झालं नाही. मी त्याला शूर म्हणून सांगत नाही, होता तसा सांगतोय.

मृगाचा आदला दिवस उजाडला. दुपारीच गाव दगडापाशी जमलं. गोदाक्कांच्या मांडीवर लाल फेटा होता. मोजणीची गरजच नव्हती, सगळ्यांनी हैबतीच्या दारातल्या माळा बघितल्या होत्या. कोणी आनंदाने बोलत नव्हतं. केरबा मागे उभा होता, खाली बघत.

"ये हैबती," गोदाक्का म्हणाल्या. "फेट्याआधी शेवटची सांगणी कर. कुठे लागले, केव्हा लागले, कशाला लागले."

हैबती दगडापाशी आला. "पूर्वेला," तो म्हणाला आणि थांबला. लोक वाट बघत होते. त्याच्या डोळ्यांपुढे कड्याखालची ती उघडी तोंडं आली.

"पूर्वेला नाही," तो म्हणाला. "पूर्वेला मी एक दिवसही गेलो नाही. काळ्या कड्याखाली लागले. सगळेच्या सगळे. दीड महिना मी तुम्हाला खोटं सांगितलं. केरबाने माझ्या खडकावरून फेटा नेला, ते मला सोसलं नाही, म्हणून सांगितलं. आता तिथे मासे मरायला टेकलेत. रिकाम्या गळाला लागताहेत. तळ्याचं पाणी कोमट झालंय. काय झालंय ते मला कळत नाही, म्हणून सांगतोय. फेटा मला नको."

 एक म्हातारा खाली थुंकला आणि पाठ फिरवून निघाला.

"थांब, कोणी जाऊ नका," गोदाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. "कड्याखाली म्हणालास? उन्हाळ्यात? बुडाशी?"

"हो अक्का."

"बाकीच्यांनीही आता खरं सांगा. लवकर."

 मग केरबा पुढे आला. "मला घाटावर कधीच मिळाले नाहीत, खोल धारेवर मिळाले. आणि लव्हाळ्यात उभा असताना मी बघितलं होतं, पाणी रोज बोटभर खाली जातंय. सांगितलं नाही. म्हटलं, कोण खरं सांगतंय की मी सांगू."

चिमाबाई म्हणाली, "मी महिन्यापूर्वी उत्तरेला ओढ्याच्या तोंडाशी गेले होते. घोट्याएवढंही पाणी नव्हतं. वाटलं, इथे आता कोणी फिरकणार नाही, पाणी वाढलं की ही जागा आपली एकटीची, म्हणून गप्प बसले."

गोदाक्का फेटा मांडीवरून काढून उठल्या. "मी नवी सून होते तेव्हा एकदा कड्याखाली मासा लागला होता. लागला त्याने संध्याकाळी इथे सांगितलं आणि माझ्या सासऱ्यांनी त्याच रात्री माणसं डोंगरावर पाठवली. कड्याच्या बुडाला जमिनीतून झरा आहे, लहानसा. वरून ओढ्याचं गार पाणी येईनासं झालं की ठिपक्या तिथे जाऊन जीव धरतो. कड्याखाली मासा म्हणजे ओढा तुटला. तुला काय वाटलं, हैबती, आपण रोज इथे सांगतो ते दुसऱ्याला मासे मिळावेत म्हणून? मिळतात, ते आहेच. पण तळ्याला तोंड नाही. त्याला काय होतंय ते तुमच्या तीन वाक्यांतून कळतं. तू पहिल्या दिवशी खरं बोलला असतास तर मी त्या दिवशीच माणसं वर पाठवली असती."

हैबती म्हणाला, "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, अक्का."

"नाही सांगितलं," गोदाक्का म्हणाल्या. "ती माझी चूक. सगळे खरं बोलत होते, तेव्हा सांगायची गरज वाटली नाही."

सगळं गाव कुदळी-पहारी घेऊन डोंगर चढलं. वर बघतात तर चैत्रातल्या त्या पावसाने अर्धा उतार कोसळून ओढ्यात बसला होता, आणि पाणी वळून पलीकडच्या दरीत चाललं होतं. गाव आठ दिवस खणत होतं. हैबती सगळ्यांच्या आधी हात लावायचा आणि सगळ्यांच्या शेवटी काढायचा, पण त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. नवव्या दिवशी पाणी परत आपल्या वाटेने तळ्याकडे निघालं, आणि त्याच संध्याकाळी पाऊसही आला.

तळं वाचलं. मासे मात्र थोडेच वाचले. गोदाक्कांनी सांगितलं, तीन वर्षं गळ आढ्यावरून उतरायचा नाही. त्या वर्षीचा फेटा कोणाला बांधला नाही. हैबतीने दारातल्या वाळक्या माशांच्या सगळ्या माळा उतरवल्या आणि घरोघर नेऊन दिल्या. लोकांनी घेतल्या, कारण घरात खायला नव्हतं. आत ये, बस, असं कोणी म्हणालं नाही. ती तीन वर्षं गावाने कंदमुळं आणि नाचणीवर काढली आणि ती फार कठीण गेली.

चौथ्या वर्षी होळीनंतर गळ उतरले. पहिला मासा हैबतीलाच लागला. त्याने टोपली दगडावर ठेवली, लोक होते, आणि तो मोठ्याने म्हणाला, "उत्तरेला. ओढ्याच्या तोंडापासून वीस पावलं डावीकडे, सपाट खडकावर. ऊन खडकाला लागायच्या आधी. काड्यांचं घर करून राहणारी अळी असते, तिच्यावर." लोकांनी ऐकलं आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती सपाट खडकावर जाऊन बसला. डावीकडे जागा सोडून बसला. कोणी आलं नाही. गावातले सगळे दुसरीकडे कुठे कुठे गळ टाकून बसले होते, त्यांना काही लागत नव्हतं, तरी इकडे कोणी आलं नाही. त्याने दोन मासे काढले, दगडावर जाऊन परत सगळं खरं सांगितलं, अळी कुठल्या दगडाखाली मिळाली तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशीही खडक रिकामा. चौथ्याही.

एके काळी त्याला हेच पाहिजे होतं. खडक आपला, पाणी आपलं, तिकडे सरा म्हणणारं कोणी नाही. आता तो तिथे बसून रडला. पन्नाशी उलटलेला, तुसडा माणूस, ओंजळीत तोंड घालून रडला. मग तोंड धुतलं, गळ टाकला, आणि संध्याकाळी परत दगडावर गेला.

अकराव्या सकाळी तो पाण्याकडे बघत बसला होता. पाऊल वाजलं नाही, सावली पडली नाही. अचानक शेजारून आवाज आला.

"सरा जरा, हैबतीदादा."

केरबा होता. हैबती सरकला. त्याने अळीची डबी दोघांच्या मधे ठेवली. केरबाने त्यातली एक घेतली. ऊन खडकाला लागायच्या आधी त्याच्या गळाला ठिपक्या लागला, चांगला हातभर. त्याने हिसका मारला नाही. दमू दिला, मग काढला.

संध्याकाळी केरबाने टोपली दगडावर ठेवली. गोदाक्का आता फार थकल्या होत्या, तरी कान पुढे करून बसल्या होत्या. "कुठे लागला रे?" त्यांनी विचारलं.

केरबा सगळ्यांकडे बघून म्हणाला, "हैबतीदादांनी सांगितलं तिथे बसलो, एवढंच."

तेच वाक्य. पाच वर्षांपूर्वी ज्याने हैबतीच्या काळजात काटा मोडला होता, शब्दाला शब्द तेच. आज ते ऐकून त्याला जो आनंद झाला, तो सगळे फेटे एकत्र बांधले तरी झाला नसता. दुसऱ्या दिवशी सपाट खडकावर सहा जण बूड टेकून बसले होते, आणि हैबतीला सातव्या जागेसाठी सरका म्हणावं लागलं.

ही गोष्ट मुलांना सांगून झाली की तिथले लोक शेवटी तात्पर्य म्हणून एवढंच सांगतात: जे आपल्याला कळलं ते चारचौघांत खरं सांगावं. लपवलेली जागा आपल्या एकट्याची होते खरी, पण मग शेजारी बसायला कोणी येत नाही, आणि सगळ्यांचं मिळून जे असतं ते आपल्या डोळ्यांदेखत आटत जातं.